धुऱ्यापलीकडची पऱ्हाटी

वडनेर भोलजीच्या बाजारगल्लीत सईदभाईंचं बी-बियाण्याचं अन् औषधांचं दुकान. यंदाच्या हंगामापासून तिथल्या खुर्चीवर त्यांची लेक ताहेरा बसू लागली, आणि बसल्या बसल्या तिनं मोबाइलमधल्या एआयलाही कामाला लावलं. कोणता माल संपत आला ते तो सांगे, कंपन्यांची इंग्रजी पत्रकं मराठीत करून देई, गिऱ्हाइकांना निरोप लिही. पहिला निरोप त्यानं ‘सन्माननीय शेतकरी बंधू-भगिनींनो’ असा सुरू केला, तेव्हा जुने गिऱ्हाईक रंगराव दुकानात येऊन सईदभाईंना विचारून गेले, की बे सईद, निवडणूक लागली का? मग ताहेरानं त्याला ‘तुमाले-आमाले’ शिकवलं. त्यानंतर लोक निरोप शेवटपर्यंत वाचू लागले.

पोळा जवळ आला होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागली होती. पानाआड पाती, पातीआड फूल, फुलाआड उद्याचं बोंड. बीटीचं बियाणं आलं तेव्हा गावाला वाटलं होतं, अळीचा विषय मिटला. गुलाबी अळीनं त्याच बियाण्याच्या पऱ्हाटीत हळूहळू घर केलं. गेल्या साली कितीतरी वावरांत दिवाळीनंतर उभी पऱ्हाटी उपटून टाकावी लागली, आणि वेचणीला निघालेल्या बाया रिकाम्या ओट्यांनी परतल्या. पोळ्याच्या अमावास्येला पतंग अंडी घालतात. त्याआधी वावरात कामगंध सापळे लागले, तर त्यांतल्या मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात अडकतो. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

सापळे मलकापूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून, वामनरावांकडून आणायचे होते. किती आणायचे, हे ताहेराला ठरवायचं होतं.

“कमी आणले त गावाचा कापूस गेला,” सईदभाई म्हणाले. “जास्त आणले त वास उडून जाते अन् माल पडून राह्यते. तुहा चुलतभाऊ अकील दुकान किरायानं मागूनच राह्यला. यंदा जमलं त दुकान तुहं.”

“जमते, अब्बा,” ताहेरा म्हणाली.

तिनं गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर वावराचे फोटो मागवले. संध्याकाळपर्यंत मोबाइल हिरवागार झाला. तिनं ते सगळे एआयला दाखवून विचारलं, अळी कुठवर आली, सापळे किती लागतील? त्यानं सांगितलं, पीक जवळपास सगळीकडे निरोगी आहे, थोडे सापळे पुरे होतील. ताहेरा वामनरावांना फोन लावणार, तोच तिची नजर उत्तराच्या शेवटच्या ओळीवर गेली. ‘हे फोटो कसे निवडले, ते मला माहीत नाही.’

तिनं फोटो पुन्हा पाहिले. एकही झाड वाकडं नव्हतं. कुणी पानं धुतली होती, कुणी भोवतीचं गवत काढलं होतं. रंगरावांच्या शेजारच्या वावरातल्या वच्छलाबाई तर डोक्यावर पदर घेऊन झाडामागं उभ्या होत्या, पाहुण्यांसमोर लेकीमागं आई उभी राहते तशा. ताहेराला हसू आलं. खुरपणीच्या गाण्यात इथल्या बाया पऱ्हाटीला लेकच म्हणतात, आणि लेक दाखवायची तर नटवूनच.

तिनं गटावर लिहिलं, आता सगळ्यात दुबळं झाड दाखवा. एकही फोटो आला नाही. शेवटी वच्छलाबाईंचा फोन आला.

“दुबळी लेक कोणी चारचौघात उभी करते का, ताहेरा?”

एआयनं उपाय सुचवला, की वावरात नागमोडी चालायचं आणि समोर येईल त्या झाडाचा फोटो काढायचा. उपाय चांगला होता. पण ताहेरा आपली माणसं ओळखून होती. ती नागमोडी चालतील, अन् थांबतील देखण्या झाडापाशीच.

मग तिनं स्वतःच्या आवाजात निरोप धाडला. स्वतःचं वावर राहू द्या, दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर उभं राहून शेजाऱ्याचं जेवढं दिसते तेवढं दाखवा. गटावर नको, फक्त मले पाठवा.

सकाळी चहा होईतो मोबाइल ओसंडला. मिटलेली, पिळल्यासारखी फुलं, ज्यांच्या पोटात अळी असते त्या डोमकळ्या, लोकांनी हौसेनं जवळ जाऊन टिपल्या होत्या. रंगरावांनी वच्छलाबाईंचं वावर दाखवून खाली लिहिलं होतं, बाईचं लक्षच नाही. वच्छलाबाईंनी रंगरावांचं दाखवलं होतं आणि सोबत दुःखही कळवलं होतं, की माणूस दिवसभर पारावर बसला तर पऱ्हाटीनं काय करावं.

सईदभाई फोटो पाहून हसत सुटले. ताहेरा मात्र हुरळली नाही. काल लोकांनी देखणं तेवढं दाखवलं, आज वाईट तेवढंच. तिनं एआयला दोन्ही खेपा समजावून सांगितल्या, की ही आपली लेक म्हणून काढलेली, ती दुसऱ्याची सून म्हणून. खरं या दोहोंच्या मधात कुठंतरी आहे, ते शोध. दुपारी स्कूटी काढून ती स्वतः चार वावरांत आडवीतिडवी फिरली, हाती येईल ते फूल उघडून पाहिलं, आणि तेही त्याला सांगितलं. या वेळचं उत्तर वेगळं होतं. अळी गावभर पोचली होती, पण बोंडात अजून शिरली नव्हती. सापळे प्रत्येक वावरात हवे होते.

तिनं वामनरावांना फोन केला. एवढे काऊन, त्यांनी विचारलं, वडनेरात कोणी मागितले? अजून कोणीच नाही, ती म्हणाली, तुम्ही टेम्पो भरा.

टेम्पो आला. पोती उतरवून होत नाहीत तोच वच्छलाबाई पायरी चढल्या. मह्या वावरात काही नाही, त्यांनी आधीच सांगून टाकलं, पण त्या रंगरावची अळी इकडं येते, म्हणून सापळे न्यावे लागतात. त्या गेल्या आणि रंगराव आले. त्यांच्या वावरातही काही नव्हतं. मग जो आला तो शेजाऱ्याच्या अळीसाठीच आला, आणि अमावास्येआधी पोती रिकामी झाली. अकील पुन्हा विचारायला आला, तेव्हा सईदभाईंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, दुकानात माणूस हाये.

दुसऱ्या दिवशी ताहेरा वावरं पाहायला निघाली. वच्छलाबाईंनी सगळे सापळे धुऱ्यावर, रंगरावांच्या बाजूला तोंड करून रांगेनं बांधले होते.

“मावशी, हे वावराच्या मधात लावा.”

“मधात काऊन? अळी त तिकडची हाये.”

“तिकडचीच हाये,” ताहेरा म्हणाली, “पण आता तुमच्याकडं येऊन बसली.”

वच्छलाबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा धुऱ्यापलीकडं. पदर तोंडाला लावून हसू दाबलं. मग पहिला सापळा धुऱ्यावरून सोडून घेतला अन् पऱ्हाटीत आत, खोल चालत गेल्या.