नाथाचा नो-बॉल

गावदेवीच्या मैदानावर नाथा पाटलाने भर फायनलमध्ये स्वतःच्या पोराला नो-बॉल दिला, त्याला आता चौदा वर्षं झाली. एक नाही, एकाच ओव्हरमध्ये तीन. आंबिवलीच्या आसपासच्या गावांत टेनिस बॉलची स्पर्धा म्हणजे लग्नाहून मोठं कार्य, आणि नाथा तिथला लेग अंपायर. बाजूला उभं राहून बोलरचा कोपर बघणं हे त्याचं काम. अठरा वर्षांचा देवेश बॉल असा सुसाट टाकायचा की बॅट्समनला तो दिसायचाच नाही. पण टाकताना हात कोपरात वाकायचा, आणि क्रिकेटमध्ये त्याला बॉलिंग नाही, फेकणं म्हणतात. बाकीच्या अंपायरांनी शेजारधर्म म्हणून डोळेझाक केली होती. बापाला तेवढं जमलं नाही. मॅच गेली आणि पोरांनी देवेशचं नाव फेक्या ठेवलं.

त्या दिवसापासून देवेशने बापाशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं आणि ते निष्ठेने पाळलं. हट्टाच्या बाबतीत दोघे एकमेकांना शोभून दिसतात.

पुढे डोंबिवलीच्या कॉलेजात खेळाच्या सरांनी त्याला बाउंड्रीवरून थ्रो मारताना पाहिलं आणि हातात बेसबॉल दिला. इथे कोपर वाकव, हवा तेवढा वाकव, असं त्यांनी सांगितलं तेव्हा देवेशला आधी वाटलं, सर थट्टा करतायत. तो पिचर झाला, म्हणजे बॅट्समनकडे चेंडू फेकणारा. राज्याकडून खेळला, देशाकडून खेळला, आणि शेवटी आखातातल्या एका व्यावसायिक संघाने त्याला करारावर घेतलं. चार हंगाम तो तिकडे खेळला. नाथाचा पोरगा तिकडे नक्की काय करतो हे गावाला अजून कळलेलं नाही. आई, तुळसा, विचारणाऱ्याला "बॉल टाकतो" एवढंच सांगते आणि विषय संपवते.

गेल्या वर्षी त्याच कोपरातलं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, नऊ महिने गावी राहून व्यायाम झाला, आणि आता संघाचा निरोप आला होता: वीस चेंडूंचा, मध्ये कुठेही न कापलेला व्हिडिओ रविवारपर्यंत पाठव. वेगाचं मशीन त्यात दिसलं पाहिजे आणि आकडा ताशी एकशे पस्तीस किलोमीटरच्या वर गेला पाहिजे. नाही गेला तर जागा दुसऱ्याची. देवेश बत्तीसचा होता. दुसरी संधी येईल असं तो स्वतःलाही खोटं सांगू शकत नव्हता.

रविवारी सकाळी तो कमलेशला घेऊन मैदानावर आला. कमलेश कॉलेजात त्याचा कॅचर, म्हणजे समोर बसून त्याचे चेंडू झेलणारा, होता. आता कल्याणच्या एका शाळेत खेळ शिकवतो, पण मित्रासाठी दुखऱ्या गुडघ्यांवर उकिडवा बसायची त्याची तयारी होती. दोघांनी पिचरला उभं राहायला लागतो तसा मुरुमाचा छोटा उंचवटा केला, मशीन लावलं. पलीकडे नाथा दुपारच्या मॅचसाठी फक्कीने रेषा मारत होता.

सरावाचे दहा चेंडू झाले. एकशे सव्वीस, सत्तावीस, पुन्हा सव्वीस. हात दुखत नव्हता, हेच जास्त वाईट होतं. दुखला असता तर कारण तरी मिळालं असतं.

नाथा फक्कीचा डबा घेऊन हळूहळू जवळ आला आणि बरोब्बर लेग अंपायरच्या जागी उभा राहिला. देवेशचं डोकं सणकलं. एवढं मैदान पडलंय आणि ह्यांना उभं राहायला हीच जागा सापडली. त्याने रागारागाने आणखी तीन चेंडू टाकले. आकडा ढिम्म हलला नाही.

"आज मी तुला नो-बॉल दिला नसता," नाथा म्हणाला.

हेच सांगायला आलात का, असं देवेशने विचारलं.

"नीट आयक. तवा तुजा कोपर वाकायचा, म्हनून दिला. आता वाकत नाय. हात सरल येतो, बोलरसारका. तू त्याला जपतोस."

देवेशने कोपर चाचपला. डॉक्टरांनी सांधा तपासला होता, कमलेश समोरून बघत होता, आणि स्वतःचा कोपर तर कोणालाच दिसत नाही. नऊ महिन्यांत हात भ्यायला शिकला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. हा कोपर वर्षानुवर्षं बाजूने निरखलेला माणूस जगात एकच होता. देवेशला बापाचा राग आला आणि त्या रागातच, कितीतरी वर्षांनी, बरंही वाटलं.

"वाकला की सांगाल?"

"सांगनार. पन वाकल्याबिगर नाय देनार."

कमलेशने मोबाइल सुरू केला. पहिले सहा चेंडू नाथा खांबासारखा उभा. सातव्याला देवेशने लहानपणी चिंचा पाडायचा तसा कोपर पुढे सोडून दिला, आणि नाथाचा उजवा हात नो-बॉलसाठी झटकन आडवा झाला. कमलेशच्या ग्लोव्हमध्ये चेंडू फाडकन वाजला. एकशे तेहतीस. बाराव्याला कोपर पुन्हा सरळ राहिला, नाथाचा हात उठला नाही. मग देवेशने मशीनकडे बघणंच सोडलं. तो प्रत्येक चेंडूनंतर बापाकडे बघत होता, आणि हात आडवा होत होता. सतराव्याला एकशे छत्तीस. शेवटच्याला अडतीस.

व्हिडिओच्या कोपऱ्यात पांढऱ्या टोपीतला म्हातारा सारखा हात आडवा करताना दिसत होता. कापायची सोय नव्हती, तसाच पाठवला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सराव शिबिराला ये, आमचे डॉक्टर एकदा कोपर बघतील, बाकी आम्ही खूश आहोत. शेवटी प्रशिक्षकाने विचारलं होतं, तो हात दाखवणारा माणूस कोण? तुझ्या फेकण्यात काही चूक आहे का?

देवेशने बरंच लिहिलं, पुसलं, आणि शेवटी एवढंच पाठवलं: ते माझे वडील, आमच्या गावचे अंपायर. त्यांचा निर्णय आजवर एकदाही चुकलेला नाही.

मग तो मागच्या दारी गेला. नाथा फक्कीचा डबा धूत होता. देवेशने त्याला प्रशिक्षकाचा प्रश्न आणि आपलं उत्तर मराठीत वाचून दाखवलं. नाथाने सगळं ऐकून घेतलं, डबा उन्हात उपडा ठेवला आणि ओले हात बराच वेळ पुसत राहिला.

"बारावा सरल होता," तो म्हणाला. "ते पन लिव."