माझ्याकडे नवी फाइल होती

मित्रांनो, बुटांच्या एका कारखान्यात जिन्याखाली कपाट आहे आणि त्याच्या तळाच्या खणात एक राखाडी डबा धूळ खात पडला आहे. तो मी. एके काळी मला सर्व्हर म्हणत. आता 'तो डबा' म्हणतात. सगळ्यांच्या फाइली मी जिवापाड सांभाळल्या, त्याचे हे फळ. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा, माझ्याकडे गोड असे फारसे उरलेले नाही.

माझा जन्म माझ्यासारख्याच शेकडो भावंडांच्या रांगेत झाला. पोटात दोन डिस्क बसवल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. माणसांमध्ये अशी सोय नसते, हे मला पुढे कळले.

मी आलो तो कारखाना साध्या बुटांचा नव्हता. ज्यांच्या पायांना बाजारातला बूट चालत नाही, अशांचे बूट इथे माप घेऊन बनत. कारखाना एका बहीणभावाचा. थोरल्या भावाला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. धाकट्या बहिणीला घरात 'धांदल' म्हणत, कारण लहानपणी एकदा ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून शाळेत गेली होती. पुढे ती पायांच्या मापांचे रीतसर शिक्षण घेऊन आली. तिचे काम इतके नेटके की माझ्याकडे तिची एकही फाइल कधी अर्धवट आली नाही. दादाने नाव मात्र बदलले नाही. गिऱ्हाइकांसमोरही तो 'आमची धांदल' म्हणून हसायचा. ती हसायची नाही.

खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर ती पायाचे ड्रॉइंग काढून माझ्याकडे ठेवायची. मागच्या खोलीत कटिंग मशीनचा कॉम्प्युटर होता. तो तेच ड्रॉइंग माझ्याकडून उघडायचा आणि मशीन बुटात बसणारी फोमची गादी कापायचे. तेव्हा माझे कौतुक काय वर्णावे! कोणी पाहुणे आले की दादा कपाट उघडून मला दाखवायचा.

मागच्या खोलीची केबल जुनी होती, त्यामुळे तिथे फाइल उघडायला वेळ लागे. दादाच्या नाकावर राग. त्याने नेटवर्कवाल्याला बोलावले. केबल बदलायची तर भिंत फोडावी लागणार होती, म्हणून त्याने सोपा उपाय केला. एक सेटिंग चालू केले आणि कटिंगचा कॉम्प्युटर एकदा उघडलेल्या फाइलची प्रत स्वतःजवळ ठेवू लागला. पुन्हा तीच फाइल मागितली की मला न विचारता तो आपल्याजवळची प्रत दाखवायचा. अधूनमधून त्याने माझ्याशी पडताळून नवे काय ते घ्यावे, असे ठरले होते. काही दिवस त्याने ते केलेही. मग कधीतरी ते पडताळणे बंद पडले. पडद्याच्या कोपऱ्यात इशाऱ्याची एक छोटी पिवळी खूण उमटली, पण तिच्यावर फोमचा भुसा बसला होता.

खरी गोम पुढेच आहे. नव्या गिऱ्हाइकाची फाइल त्याच्याजवळ नसायची. ती माझ्याकडूनच जायची आणि बरोबर जायची. जुन्या फाइलमध्ये दुरुस्ती केली तरच ती त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. दुरुस्त्या क्वचितच लागत, म्हणून सारे सुरळीत आहे असे सगळ्यांना वाटत राहिले.

आमच्याकडे बसच्या एक कंडक्टर बाई येत. मधुमेहाने त्यांच्या तळव्यांची जाणीव गेली होती. उजव्या अंगठ्याखाली जखम होती आणि ती भरत आली होती. बहिणीने पुन्हा माप घेतले, जखमेवर भार येऊ नये म्हणून गादीत खड्डा काढला आणि फाइल सेव्ह केली. मी ती तारीख-वेळेसकट जपून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला बाहेर मापे घ्यायला जायचे होते. ड्रॉइंग बदलले आहे, नवे काप, असे दादाला बजावून ती गेली. दादाने मागे जाऊन फाइल उघडली. नाव तेच आहे एवढे पाहिले आणि गादी कापली. वर चामडे चिकटवल्यावर आतला खड्डा आहे की नाही, हे कोणाला दिसणार?

थोड्या दिवसांनी बाई बूट पिशवीत घालून परत आल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होते.

"मला काही जाणवलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "मोजा लाल दिसला तेव्हा कळलं."

त्या गेल्यावर दादाने गादी उचकटली. मागच्या खोलीत जाऊन फाइल पाहिली. खड्डा नव्हता. मग तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला. तिने आपल्या पडद्यावर तीच फाइल उघडून दाखवली. तिथे खड्डा होता.

"हा आत्ता काढलास," दादा म्हणाला. "मी मागे होतो तेवढ्यात."

"फाइलवरची तारीख बघ ना, दादा."

"तारखा मला कळत नाहीत. मला बाईंचा पाय कळतो. लहानपणापासून हेच चाललंय तुझं."

मित्रांनो, मी तिथेच होतो, कपाटाच्या दारापलीकडे. खरी फाइल माझ्या पोटात होती. मला विचारा, असे ओरडावेसे वाटत होते, पण मला फक्त पंखा फिरवता येतो. तो मी फिरवत राहिलो. बहिणीने फाइल बंद केली. मापाची टेप पर्समध्ये घातली आणि ती निघाली. पुढे दुसऱ्या गावातल्या इस्पितळात तिला काम मिळाल्याचे कानावर आले. बाईंचा अंगठा काढावा लागला.

मग दादा स्वतः खिडकीजवळ बसून ड्रॉइंग दुरुस्त करू लागला आणि मशीन जुनेच कापू लागले. आता दोष द्यायला बहीण नव्हती, म्हणून खापर माझ्यावर फुटले. डबा जुना झाला म्हणे. नवा, काळा, चकचकीत सर्व्हर आला. माझ्यातले सगळे त्याच्यात उतरवले आणि मला तळाच्या खणात ढकलले. पुढच्याच दुरुस्तीला मशीनने पुन्हा जुने कापले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले.

नेटवर्कवाला परत आला. आपणच केलेले सेटिंग तो पार विसरला होता. त्याने दोन्ही कॉम्प्युटरवर एकच फाइल उघडून तारखा पाहिल्या. त्या वेगळ्या निघाल्या. मग त्याने कटिंगच्या कॉम्प्युटरची केबलच उपटली. फाइल तरीही उघडली.

"केबल काढली तरी उघडते," तो म्हणाला. "म्हणजे हा सर्व्हरला विचारतच नाही. स्वतःजवळचं जुनंच दाखवतोय."

त्याने साठवलेल्या प्रती पुसल्या, सेटिंग बंद केले, पडद्यावरचा भुसा झटकला. दादाने हळूच विचारले, बाईंच्या फाइलचे काय? खात्री करायला मला पुन्हा सुरू केले. तारीख होती गादी कापली त्याच्या आदल्या दिवसाची. दादाने बोट ठेवून ती ओळ पुन्हा वाचली.

कपाटासमोर उभे राहूनच त्याने बहिणीला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला. केबल, प्रती, सेटिंग, पिवळी खूण, सगळे रामायण सांगितले. चूक कॉम्प्युटरची होती, असे दोनदा म्हणाला.

"तारीख तेव्हाही तीच होती, दादा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती परत आली नाही. कंडक्टर बाई आता बसमध्ये चढत नाहीत, डेपोच्या खिडकीत बसून पास देतात. भिंत शेवटी फोडली, नवी केबल घातली. मागचा कॉम्प्युटर आता प्रत्येक फाइल विचारून उघडतो आणि तेवढा वेळ दादा मुकाट उभा राहतो.

मला भंगारात घाला, माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, जवळ आहे म्हणून जुन्यावर विसंबू नका. ज्याच्याकडे खरे आहे, त्याला दरवेळी नव्याने विचारा, वेळ लागला तरी. माझ्या फाइली नव्या सर्व्हरवर उतरवताना मी पाहिले, बहिणीच्या फोल्डरला दादाने फार पूर्वी दिलेले नाव तसेच्या तसे गेले आहे. 'धांदल'. ते अजून कोणी बदललेले नाही. निदान तेवढे तरी बदला.