टेबलाखालची ऊब

‘ही पोर काही इथं राहायची नाही’ – संत्र्याच्या सालीचा वास आला की हा आवाज येतोच. टेबलाखाली, विजेच्या शेगडीच्या जाळीवर, एका दमात सोललेली लांबलचक साल ठेवलेली असते, कडेने नुकती कुठे आवळू लागलेली, आतून अजून ओली… आणि बाबा ट्रकला टेकून खिशातल्या चाकूने संत्रं सोलत शेजारच्या माणसाला सांगत असतात, नेब्रास्कातल्या त्या धान्याच्या कोठारांपाशी, जिथे वाऱ्याला अडवायला दुसरं काहीच नाही. कोरीन तेव्हा नऊ वर्षांची. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून पाय हलवत होती. ते वाक्य तिने तेव्हाच खिशात घातलं आणि बारा वर्षं जपलं, एखादी गोटी जपावी तसं.

कोरीनने टेबलाभोवतीचा जाड लोकरी घेर उचलला, पाय आत घेतले, कापड मांडीवर ओढून घेतलं. शेगडी चालूच होती. घरमालकीण एन्कार्ना पुन्हा बंद करायला विसरली. ख्रिसमसपासून हे रोजचंच झालं आहे – आणि हीच एन्कार्ना ऑक्टोबरात म्हणाली होती, ‘घर जळलं तरी चालेल, पण वीज जळता कामा नये.’ सत्तरी आली तिची. नऊ वाजता बहिणीच्या, लोलीच्या, दोरे-गुंड्यांच्या दुकानात जाते, दोनला परतते. विसरत चालली आहे बिचारी. तिला सांगायला हवं, कोरीनला वाटलं. पण सांगायचं कसं? सकाळी सव्वादहाला शेगडी चालू असते हे मला कसं कळलं, असं ती विचारेल. मी तर तेव्हा वर टेकडीवर, ग्रानाडाच्या विद्यापीठात, तिसऱ्या बाकावर बसलेली असते ना!

नोव्हेंबरात तसं काही घडलंच नव्हतं. हे सांगूनही कुणाला पटणार नाही. कुणी हसलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, प्राध्यापक तर तिचं नाव चुकवायचेसुद्धा नाहीत. एका मंगळवारी विद्यापीठाच्या पायऱ्यांशी ती बुटाची नाडी बांधायला वाकली, आणि नाडी बांधून झाली तरी उठली नाही. पोरं-पोरी बाजूने चढत राहिली, पाणी दगडाला वळसा घालून जातं तशी. मग ती उठली आणि खाली उतरली. एवढंच. दुसऱ्या दिवशी चर्चच्या बाकावर, तिसऱ्या दिवशी बसच्या तळावर… पुढे थंडीने हाडं धरली तेव्हा इथे. चावी फिरवायची हळू, बूट हातात घ्यायचे, आणि पावणेदोनला पुस्तकं घेऊन पुन्हा बाहेर पडायचं, म्हणजे सव्वादोनला दमून परत येता येतं.

परीक्षा दोन आठवड्यांवर. मग परतीचं विमान. निघताना नेब्रास्कातल्या गावाने चर्चच्या तळघरात केक कापला होता, त्यावर साखरेने स्पेनचा नकाशा काढला होता, आणि ग्रानाडाच्या जागी लाल चेरी. बाबांनी ती चेरी उचलून तिच्या बशीत ठेवली.

ही पोर काही इथं राहायची नाही. कुठल्या स्वरात म्हणाले होते ते? इतकी वर्षं मला त्यात अभिमान ऐकू येत होता. आता या उबेत, रोज सकाळी तेच वाक्य उलटंपालटं करताना, ऐकू येतं ते निराळंच – वैद्याने नाडी सोडून हलकेच म्हणावं तसं. आणि ‘इथं’ म्हणजे कुठे? जिथे पोचते ते ‘इथं’च होऊन जातं. तिथे राहता आलं नाही, इथेही नाही. परत गेले की ते पुन्हा इथं होईल… पायांना चटका बसला, तरी तिने ते मागे घेतले नाहीत.

पावणेदोनला ती बाहेर पडली, आणि कोपऱ्यावर पोचते तोच बर्फमिश्रित पाऊस आला. आडोसा घ्यायला दुकान होतं, पण ते लोलीचं. ती मागच्या गल्लीत भिंतीला चिकटून अर्धा तास भिजत उभी राहिली.

दार एन्कार्नानेच उघडलं. स्वयंपाकघरातून मसुरांचा वास येत होता.

“ये गं माझे पंडिते! टेकडीवरचं सगळं पाणी डोक्यावर घेऊन आलीस की काय?”

“छत्री… वर्गात राहिली.”

“बस. मोजे काढ आधी. न्यूमोनियाने मेलीस तर तुझ्या बाबांना तोंड कुठल्या भाषेत दाखवू मी?” एन्कार्ना टॉवेल घेऊन खाली बसली, गुडघे कटकन वाजले. “लोलीने आज परत एका बाईला काळ्याऐवजी निळा दोरा दिला. वर म्हणते, नवरा मेलाय तुझा, दोरा कोण बघतंय.” मग ती तिचं ते नेहमीचं गुणगुणू लागली, दळताना गावं तसं, अर्धं नाकात –

डोंगरमाथी बर्फ बाई, पायथ्याशी फुले बदाम,
जाणाऱ्याला शंभर वाटा, राहणाऱ्याला ना मुक्काम…

कोरीनने मोजे ओढून काढले. बोटं बधिर झालेली, मनही. त्यामुळे आपण काय उघडं केलं ते उशिरा ध्यानात आलं. गाणं थांबलं होतं.

दोन्ही नडग्यांवर लाल-तपकिरी जाळी उमटली होती, जुन्या बशीच्या तड्यांसारखी. इथल्या बायका त्या डागांना शेळ्या म्हणतात. एन्कार्नाच्या पायांवर तशाच आहेत, फिकट, कायमच्या. पहिल्याच आठवड्यात तिने हसत दाखवल्या होत्या – ‘शेगडीला चिकटून बसणाऱ्या आळशी बाईचं गोंदण. संध्याकाळच्या तासाभराने नाही हो येत, त्याला अख्ख्या अख्ख्या सकाळी द्याव्या लागतात.’

“शेळ्या चरायला आल्या की गं,” एन्कार्ना म्हणाली. अगदी हळू. आणि पाय पुसत राहिली, आधी एक, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, जसे काही ते कुणाचे तरी लहानपणीचे पाय होते. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं तयार होतं.

टॉवेल खांद्यावर टाकून ती उठली, मसुरांच्या बशा घेऊन आली, समोर बसली, घेर मांडीवर ओढला. आता चारही पाय त्या एकाच उबेत होते. पाव मोडायचा आवाज. खिडकीवर पाऊस.

“मी जात नाही,” कोरीन म्हणाली. “विद्यापीठात. नोव्हेंबरपासून.”

सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. काही हलकं झालं नाही. वाक्य बाहेर पडलं आणि मिठाच्या भांड्याशेजारी जाऊन बसलं. तेवढंच जड, आणि आता दोघींना दिसणारं. बाबांचा आवाज मात्र थांबला होता. जिथे तो असायचा तिथे आता काहीच नव्हतं, कोठारांपलीकडच्या मोकळ्या रानासारखं. आणि हे त्या आवाजाहून बरं की वाईट, ते तिला सांगता आलं नसतं.

एन्कार्नाने चमचा बशीत ठेवला. ती टेबलाच्या कापडावरून हात फिरवत राहिली, नसलेली सुरकुती काढत.

“शेगडी मी विसरत नव्हते, चालू ठेवून जात होते,” ती म्हणाली. “मीपण अशीच बसले होते, या इथेच. दोन हिवाळे. दार उघडलं नाही, लोलीलासुद्धा नाही. मग एक दिवस उठले. कशामुळे उठले ते मात्र आठवत नाही, पोरी. रोज साल ठेवताना आठवून बघते. आठवलं असतं, तर तुला केव्हाच सांगितलं असतं.”