सात नंबरचा बॉल

मी सात नंबरचा बॉल बोलतोय. बास्केटबॉल खेळणाऱ्यांना एवढं पुरतं. न खेळणाऱ्यांसाठी सांगतो: पुरुष खेळतात तो सात नंबरचा, मुली खेळतात तो सहा नंबरचा. आमच्यातला फरक घेरात बोटभर आणि वजनात मूठभर तांदळाएवढा. लांबून बघणाऱ्याला तो दिसतही नाही. हाताला मात्र लगेच कळतो.

माझा जन्म कारखान्यातला. आत रबरी फुगा, त्यावर दोऱ्याचे वेढे आणि वर चामड्याच्या पाकळ्या. चामड्यावर बारीक पुरळ उठवलेली, पकड यावी म्हणून. दुकानातल्या जाळीत मी बरेच दिवस लटकलो होतो. मग एकदा चार-पाच पोरं आली. प्रत्येकाने मला जमिनीवर आपटून पाहिलं, आणि त्यातला सगळ्यात उंच पोरगा म्हणाला, "हाच घेऊ. आवाज बघ कसला दणदणीत येतोय!"

ते म्हणजे बाबा. तेव्हा ते कुणाचेच बाबा नव्हते. खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये वेल्डर म्हणून नुकते लागले होते. दिवसभर वेल्डिंग करायचं आणि संध्याकाळी मैदान गाठायचं. त्या पोरांनी मला उन्हात, चिखलात, वाऱ्यात कुठेही खेळवलं. मीही कधी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एकाचं लग्न झालं, दुसऱ्याची बदली झाली, तिसऱ्याची कंबर धरली. टीम विरघळली आणि मी बाबांकडे राहिलो. त्यांनी मला कापडी पिशवीत घालून कपाटावर ठेवलं. पाहुणे आले की खाली काढायचे आणि म्हणायचे, "हा आमच्या टीमचा शेवटचा मेंबर!" पाहुणे "वा वा" म्हणायचे आणि बिस्किटाकडे वळायचे.

बाबांना लेक झाली. त्यांची उंची तिच्या वाट्याला आली नाही. ती आईवर गेली, बुटकी आणि तिखट. आई हॉस्पिटलात नर्स. तीही कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. लेक कॉलेजच्या टीममध्ये गेली, तेव्हा तिथल्या मुलींनी तिचं नाव ठेवलं लवंगी. बॉल घेऊन पुढे जायचं, कुणाला कुठे पास द्यायचा ते ठरवायचं आणि अख्ख्या टीमला खेळवायचं, हे तिचं काम. ती जाम भारी खेळायची म्हणे. मी काही तिला तिथे खेळताना पाहिलं नव्हतं. मुलींचा बॉल सहा नंबरचा, मग मला कोण नेणार?

तिचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीची सुट्टी लागली. आदल्या सीझनची शेवटची मॅच झाल्यावर कोच मॅडमनी एकेका मुलीला बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि सुट्टीत काय कमवायचं ते सांगितलं. लवंगीने घरी येऊन ते सगळं आईला मॅडमच्या आवाजात करून दाखवलं. मी कपाटावरून ऐकत होतो.

"म्हणाल्या, 'तुझा पास चांगला, पाय चांगले, तोंड तर फारच चांगलं. पण लांबून शॉट नाही. समोरची पोरगी तुला मोकळी सोडते, दोन पावलं मागे उभी राहते, आणि आपला सगळा खेळ तिथेच अडकतो. सुट्टीत तीन पॉइंटचा शॉट बसव. पुढच्या सीझनला मी टीम तुझ्याभोवती उभी करणार आहे.' आई, माझ्याभोवती! ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. आधी बूट काढ, मग टीम उभी कर," आई म्हणाली. पण तिचा चेहरा फुलला होता.

"आणि मॅडम स्टोअरमधला बॉल देत होत्या सुट्टीपुरता. बाबा न्यायला आले होते ना मला, तर हे काय म्हणाले विचार."

बाबा दारात हसत उभे होते. "म्हटलं, राहू द्या. आमच्या घरी बॉल आहे."

"मॅडमनी विचारलं, सहा नंबरचाच आहे ना? तर हे म्हणतात, 'मॅडम, आम्ही खेळलोय.' हे काय उत्तर झालं का?"

मोठ्या माणसांची एक गंमत मी आयुष्यभर बघत आलो आहे. त्यांना एक विचारा, ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात, आणि वर विचारणाऱ्यालाच ओशाळं वाटतं.

बाबांनी मला खाली काढलं. पुसलं, पंपाने हवा भरली आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. इतक्या वर्षांनी कुणाचा तरी हात लागला. मी आनंदाने टणक झालो.

"बाबा, हा मोठा आहे," लवंगी म्हणाली. "मुलींच्या मॅचला हा चालत नाही."

"मॅचला कोण म्हणतंय? सरावाला म्हणतोय मी. जड बॉलने हात तयार झाला की हलका बॉल फुलासारखा वाटतो. आम्ही पाण्यात भिजलेल्या बॉलने खेळायचो."

"म्हणून कंबरा गेल्या सगळ्यांच्या."

"तू आधी रिंगपर्यंत पोचवून दाखव, मग बोल."

हे मात्र तिला लागलं. तिला कुणी 'दाखव' म्हटलं की विषय संपला.

बाबांनी वर्कशॉपमध्ये सळई वाकवून रिंग बनवली आणि पार्किंगच्या भिंतीवर बसवली. उंची टेपने मोजून अगदी बरोबर घेतली. मजा बघा, रिंगच्या उंचीत एक सूतही इकडचं तिकडे चालणार नव्हतं त्यांना. बॉलचं माप मात्र मनावर घेतलं नाही.

रोज सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही खाली उतरायचो. आधी तिचा शॉट सरळ होता. कोपर आत, मनगट मऊ, बॉल कपाळावरून सुटायचा. मला त्या शॉटने ती लांबून टाकायची तेव्हा मी रिंगच्या अलीकडेच गळायचो. "जोर! जोर लाव!" बाबा ओरडायचे. मग ती मला खांद्यावरून टाकू लागली. मग गुडघे जास्त वाकवून, कोपर बाहेर काढून, सगळं अंग मागे टाकून. हळूहळू मी पोचू लागलो. मग रिंगला लागू लागलो. मग एके दिवशी सरळ आत पडलो, आणि बाबांनी अशी आरोळी ठोकली की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ओले हात घेऊन गॅलरीत आल्या.

त्या सुट्टीत घर बदललं. बाबा एरवी जेवताना बातम्यांशी बोलत. आता लेकीशी बोलायला लागले. जुन्या मॅचेस सांगायचे, ती टिंगल करायची. "बाबा, तुमच्या गोष्टीत तुमची टीम हरतच नाही." "हरायचो. तेव्हाचं आठवत नाही." आई हसून हसून भाजी करपवायची. लवंगी मला सोडून सहा नंबरचा बॉल कुठूनही मिळवू शकली असती. मैत्रिणी होत्या तिला. पण मग ती सकाळ गेली असती, आणि ती तिला सोडवत नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. मला कळायचं, कारण बाबांना कामावर लवकर जावं लागलं की त्या दिवशी ती मला नुसतीच हातात फिरवत बसायची.

आईने एकदा तिच्या खांद्याला मलम चोळता चोळता विषय काढला. "अहो, कोपर बघा कसं बाहेर येतंय हिचं. एकदा त्या मॅडमना नेऊन दाखवा ना."

"मॅडम कालची पोरगी आहे," बाबा म्हणाले. "शॉट आत जातोय ना? मग?"

शॉट आत जात होता, हे खरंच. सुट्टी संपेपर्यंत माझं चामडं त्या खडबडीत जमिनीवर सोलून निघालं, पुरळ पार गेली. मला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटायचं, ही पोरगी यंदा मैदान मारणार.

ट्रायलच्या दिवशी लवंगीने मला बॅगेत घातलं. "चल रे म्हाताऱ्या, बघ आता," म्हणाली. कॉलेजच्या हॉलमध्ये बॅग बाकावर ठेवली, चेन उघडी. बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून पायऱ्यांवर बसले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मॅडमनी शिट्टी वाजवली. लवंगीने सहा नंबरचा बॉल घेतला, तीन पॉइंटच्या रेषेमागे उभी राहिली आणि टाकला.

बॉल रिंगवरून गेला. रिंगमागच्या फळीवरूनही गेला. मागच्या भिंतीवर आपटून खाली आला. मुली हसल्या, तीही हसली. "हात अजून गरम होतोय," म्हणाली.

दुसरा फळीच्या काठाला लागून उडाला. तिसऱ्याला तिने जोर कमी केला, तर तो अर्ध्यातच पडला. चौथ्यानंतर कुणी हसेना. तिने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"मनगट! मनगट सैल सोड!" बाबा पायऱ्यांवरून ओरडले.

मग मॅडमनी खेळ लावला. तिथेही तेच. पास मैत्रिणींच्या बोटांतून सुटत होते, इतके जोरात जात होते. पळताना बॉल हाताच्या वर उसळत होता. फुलासारखा वाटेल, म्हणाले होते ना? तसाच वाटत होता. वाऱ्यावर उडालेल्या फुलावर कुणाचा ताबा असतो?

मॅडमनी तिला बाजूला घेतलं, माझ्या बाकाजवळच. बाबाही खाली उतरून मागे येऊन उभे राहिले.

"हा असा शॉट तुला कुणी शिकवला गं?"

लवंगीने मान वर केली नाही. मागे बाबा आहेत हे तिला माहीत होतं.

"कुणी नाही. माझी मीच शिकले."

बाबा काही बोलले नाहीत. मी वाट पाहिली. बॉलला वाट पाहण्याशिवाय दुसरं काय येतं?

"तुझा हात आधी चांगला होता," मॅडम हळूच म्हणाल्या. "बसलेला शॉट मोडून परत बसवायचा म्हणजे एक अख्खा सीझन जातो. तुझ्याकडे एकच आहे, आणि टीमलाही यंदा थांबता येत नाही. मी काय करू, सांग."

संध्याकाळी मॅडमनी टीम वाचून दाखवली. लवंगीच्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. लवंगीचं नाव बारा जणींत नव्हतं.

आम्ही घरी आलो. दार लागलं आणि स्फोट झाला.

"बाबा, एकदा म्हणा, चुकलं. बास. मला दुसरं काही नको."

"मी काय तुझ्या वाईटावर होतो?"

"ते मी विचारलंच नाहीये!"

"सकाळी उठून कोण यायचं खाली? रिंग कुणी बनवली?"

"तुम्ही! सगळं तुम्हीच! मी तिथे तुमचं नाव नाही घेतलं बाबा. तुम्ही मागे उभे होतात. तुम्हाला स्वतःचं घेता आलं असतं."

बाबा खुर्चीत बसले. गुडघ्यांवर हात ठेवून फरशीकडे बघत राहिले. आई म्हणाली, "आधी जेवून घ्या दोघं." कुणी जेवलं नाही.

मोठ्यांना नेमकं काय होतं अशा वेळी? दोन अक्षरी शब्द असतो, 'चूक'. लहान मुलं दिवसातून दहादा कबूल करतात, नाही केली तर कान पिळले जातात. मोठ्यांचे कान कुणी पिळायचे?

त्यानंतर लवंगी खेळली नाही. कॉलेजला जाते, मैदान दिसू नये म्हणून मागच्या गेटने. सकाळी उशिरा उठते. बाबांशी बोलते, पण 'पाणी आलंय', 'गॅस संपलाय' एवढंच. बाबा पुन्हा बातम्यांशी बोलतात. सीझन सुरू झाला आहे. मॅच असते त्या संध्याकाळी ती खोलीचं दार लावून घेते.

मी आता चपलांच्या कपाटावर असतो. चामडं सोललेलं, हवा अर्धी. परवा बाबा वर्कशॉपमधून आले आणि माझ्या शेजारी काहीतरी ठेवलं. नवा बॉल. सहा नंबरचा.

नुसता ठेवला आणि हात धुवायला गेले. लवंगी बाहेर जायला निघाली, चप्पल काढायला वाकली, तेव्हा तिला तो दिसला. बराच वेळ ती तशीच वाकून होती. मग उठली, दार ओढून घेतलं आणि गेली. आतून बाबा तो दाराचा आवाज ऐकत होते. नळ तसाच वाहत होता.

आता दर रविवारी बाबा येतात. नव्या बॉलला अंगठ्याने दाबून पाहतात आणि पंपाने थोडी हवा भरतात. कुणी खेळलेलं नसतं, तरी भरतात. मला हात लावत नाहीत. माझं काही म्हणणं नाही.

पण हा शेजारचा फार विचारतो हो. पोरसवदा आहे, अंगावरची पुरळ अजून टोचते. "आजोबा, आपल्याला खाली कधी नेणार? ती कशी खेळते? भारी खेळते का?" मी सांगतो, भारी खेळते. मी तरी तिला याच्यासारख्या बॉलने नीट खेळताना कुठे पाहिलंय? तरी सांगतो.

लवंगी, माझं ऐक. मॅचचं सोड, टीमचं सोड, बाबांवर रागवायचं तेवढं रागव, तो तुझा हक्क आहे. मला भंगारात टाकलंस तरी चालेल. पण याला एकदा खाली ने. अगं, याचा अजून एकही टप्पा पडलेला नाही.