रुमाल बांधलेला गाल

या, जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, देवाच्या दारी जागेला तोटा नाही. एका दाढेची गोष्ट सांगतो.

एका रुग्णालयात रक्त काढणारी बाई होती. सगळे तिला सुईताई म्हणत. हात असा हलका, की माणसं विचारत, "झालं पण?"

एकदा शिंपीकाका आले. आतड्याचा कर्करोग, आणि गालाला रुमाल बांधलेला.

"काय काका, थंडी नुसती गालालाच वाजते?"

"दाढ ठणकतेय गं पोरी. पण कर्करोगापुढे दाढेला कोण विचारतो!"

दोघं हसली. तिनं रक्त घेतलं, गठ्ठ्यातला वरचा फॉर्म भरला आणि दोन्ही पुढे पाठवली.

चार दिवसांनी काकांची बायको, काकू, रक्त घेण्याच्या खिडकीशी आल्या. रडून रडून डोळे लाल.

"ऑपरेशन नको म्हणतात गं. रक्तातला सुजेचा आकडा चढलाय. असा आकडा असला की माणूस फार टिकत नाही म्हणे. घरी न्या म्हणाले."

सुईताईनं काकांचा फॉर्म काढला. 'दुसरीकडे कुठे संसर्ग?' या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण, म्हणून सूज कर्करोगाचीच धरली गेली. खूण तिचीच! रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी पन्नास फॉर्मांवर ती एका दमात 'नाही' मारून ठेवायची. वेळ वाचतो म्हणून. नव्या मुलींनाही तिनंच हे शिकवलं होतं.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. राग आधी स्वतःचाच. मग फॉर्म घेऊन ती तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"ही खूण खोटी आहे. मी मारलीय."

"ताई, आकडा तर खोटा नाही ना?"

"आकडा आग लागली एवढंच ओरडतो, डॉक्टर! घराला लागली की चुलीत पेटलीय, ते बघायला माणूस जावा लागतो. तुम्ही त्यांचं तोंड उघडून पाहिलंत?"

डॉक्टरांनी तिच्या हातातला फॉर्म घेतला.

"रुमाल होता हो गालाला! तो दिसायला कुठलं यंत्र लागतं?"

दाढ काढली, चमचाभर पू निघाला. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, तर आकडा निम्म्याच्याही खाली. ऑपरेशनची तारीख मिळाली. काका आज पुन्हा सुईत दोरा ओवतात. देव त्यांना सांभाळो.

पण सुईताईला चैन पडेना. "कपाटात तीन वर्षांचे फॉर्म आहेत," ती म्हणाली, "सगळ्यांवर 'नाही'."

"जुनं कशाला उकरता?" डॉक्टर म्हणाले.

"कारण तिथं माणसं आहेत!"

तिनं कपाट उघडलंच. त्यात एका भाजीवालीचा फॉर्म निघाला. गेल्या वर्षीची, तीही कर्करोगाचीच. पायाला चिघळलेली जखम, पट्टीतून पाणी झिरपत होतं, आणि सुईताईनं तिला म्हटलं होतं, "पाय जरा बाजूला घ्या, मावशी." तिचाही आकडा चढलेला. तिलाही घरी पाठवलेलं. ती पुन्हा आली नाही.

ऑपरेशन झालं असतं तर वाचली असती? ते देव जाणे. पण विचारायला तर हवं होतं!

उठण्याआधी एवढं करा, मायबाप. त्या भाजीवालीची आठवण ठेवा. तिला कुणी विचारलंच नाही.