मधाचं बोट

समुद्रपूरच्या मैदानावरचा मंडप एका आवाजात ओरडला, "हालेलूया!" स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर शुगर मोजायच्या मशीनचा आकडा झळकत होता, एकशे चाळीस. थोड्या वेळापूर्वी त्याच मशीनवर त्याच पोरीच्या बोटातून साडेचारशे निघाले होते.

पोरगी होती आचल, सातवीतली. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, म्हणून लहानपणापासून रोज सुया. आता तिची आई समीक्षा रडत होती आणि बाप रजत गुडघ्यांवर कोसळला होता. मागच्या रांगेत समीक्षाची मोठी बहीण इला मात्र हात खाली ठेवून उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. देव बरं करतो यावर तिचा विश्वास होता. हा आकडा तेवढा तिला पटत नव्हता.

ब्रदर ओमप्रकाशांचा कार्यक्रम कसा आखीव! आधी रांगेतल्या प्रत्येकाला मधात बुडवलेला खजूर. "वचन मधाहून गोड आहे, प्यारो! बोटांनी धरा, बोटं चाटा!" मग तपासणी. मग ढोलक, की-बोर्ड, प्रार्थना आणि वेळेवर भोवळ येऊन पडणारे ठरावीक भक्त. त्यानंतर निळ्या प्लास्टिकच्या टबात हात धुणं. "हे साधं पानी नाही, हे शिलोहाचं कुंड आहे! बायबलातल्या आंधळ्यानं तिथं डोळे धुतले अन् त्याला दिसलं, तुम्ही तुमची शुगर धुवा!" कुंडावर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं. पुन्हा तपासणी झाली की आकडा खाली आणि मंडपाचा आवाज वर.

"आता कोणाच्या भरोशावर जगनार? सुईच्या की प्रभूच्या?" असं विचारत त्यांनी टोपली फिरवली. रजतनं आचलचं सगळं इन्सुलिन टोपलीत टाकलं.

रजतचे शेजारी कवडूभाऊ हे शेतकरी, घरी रोज मारुतीला दिवा लावणारे. त्यांनीही आपल्या गोळ्या टाकल्या. इलेला म्हणाले, "देव कोणताई चालते बाई, शुगर उतरली पायजे."

संध्याकाळी इला बहिणीच्या घरी गेली. "रजतजी, पोरीचं इन्सुलिन बंद करू नका."

"ताई, तुमी पेटी वाजवता, पन विश्वास नाई तुमचा."

"मी जेवणाआधी रोज प्रार्थना करतो. पन कुकर मलेच लावा लागते ना? अन् शास्त्रातच पाहा. सैतानानं येशूले मंदिराच्या टोकावर नेलं, म्हने मार उडी, देवदूत झेलतीन. येशूनं मारली का उडी? देवाची परीक्षा पाहू नको म्हनलं त्यानं. तुमी तं आपल्या पोरीले ढकलून राह्यले."

"मंग ते एकशे चाळीस कुठून आलं, सांगा!"

तो आकडा डोक्यात घोळवत इला निघाली. समीक्षा स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती.

सोमवारी इला नवीन इन्सुलिन घेऊन गेली तर दाराला कुलूप. फोन बंद. शेजारपाजारी कोणाला काही सांगून गेले नव्हते.

मंगळवारी शाळेत कोणाच्या तरी बढतीची जिलेबी आली. इलेनं एक तुकडा उचलला, ठेवून दिला आणि वही घ्यायला गेली. पाकानं वहीचं पान बोटाला चिकटलं. ती तशीच थांबली. गुंजन मॅडमना शुगर होती, त्यांच्या पर्समध्ये मशीन असायचं. "गुंजन, जरा दे तं." पाकाच्या बोटाला टोचलं, चारशेच्या वर. हात साबणानं धुऊन पुन्हा टोचलं, अठ्ठ्याण्णव.

"काय झालं गं?" गुंजननं विचारलं.

"मध मोजला त्यानं," इला म्हणाली. "रक्त नाई, मध!" आणि मग बाकीचंही तिच्या ध्यानात आलं. धुतलेल्या बोटाचं एकशे चाळीस खरं होतं. ते आचलनं सभेच्या दिवशी सकाळी घेतलेल्या सुईचं होतं.

कवडूभाऊंना तोवर पत्ता लागला होता. रजत बायकोपोरीला घेऊन गिरडकडच्या आपल्या शेतावर उपास-प्रार्थनेला गेला होता. इला गाडी करून पोहोचली तेव्हा आचल खाटेवर धापा टाकत होती. श्वासाला सडलेल्या फळासारखा गोडसर वास. डोळे उघडत नव्हते.

"आत्म्याची लढाई चालू आहे," रजत म्हणाला. समीक्षानं त्याला बाजूला ढकललं आणि पोरीला उचललं. वर्ध्याच्या दवाखान्याकडे गाडी सुसाट निघाली, पण जामच्या चौकाअलीकडेच आचलचा श्वास थांबला. समीक्षानं इलेच्या मांडीवरून तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि पुढं वर्धा येईपर्यंत ती तिच्याशी बोलत राहिली.

दफन झाल्यावर काही दिवसांनी इलेनं बहिणीच्या घरी सगळ्यांसमोर मध, मशीन, साबण ठेवला. स्वतःच्या बोटावर सगळं करून दाखवलं. चर्चची माणसं माना डोलावत होती. रजतनं दुसऱ्यांदा आकडा वाचला आणि तोंड फिरवलं.

"ताई, बस करा. हे खरं असंन तं माया पोरीले मीच मारलं. हे मले पटवू नका."

पोलिसांत तक्रार द्यायची तर बापाची सही हवी, असं कोणीतरी म्हणालं. ती नसली तरी चालते, हे इलेनं विचारून घेतलं आणि एकटीनं तक्रार दिली. चौकशी चालू आहे, असं तिला सांगतात. पुढच्या महिन्यात सेलूला ब्रदरांची सभा झाली. स्टेजवर साक्ष द्यायला रजत उभा होता. "माझी पोरगी प्रभूजवळ पूर्ण बरी झाली," त्यानं सांगितलं, आणि मंडप ओरडला.

इला फाटकाबाहेर बादली, साबण अन् शुगरचं मशीन घेऊन उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "खजूर खाल्ला तं हात धुऊन मंगच शुगर मोजू द्या." काही हसले. कवडूभाऊ आले, पायाला फडकं गुंडाळलेलं. त्यांनी हात धुतले, स्वच्छ पुसले, इलेनं मोजून दाखवलेला आकडा पाहिला. साडेतीनशेच्या वर.

"समजलं बाई," ते म्हणाले, आणि लंगडत मंडपात गेले.

मागून एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन आली. इलेनं तिची वाट अडवली. "प्रार्थना कर माय, जरूर कर. मीही करतो. पन जो औषध बंद कर म्हनंन तो देवाचा मानूस नसते. त्याले विचार, धुतलेल्या बोटावर आधी काऊन मोजत नाई?"

बाईनं ऐकून घेतलं. आत ढोलक सुरू झाला होता. तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि इलेला वळसा घालून ती आत गेली.