कप्तानाचा रंग

ओलुमिदेने सकाळीच मुलीच्या हातातली गोरं होण्याच्या क्रीमची डबी हिसकावली. तिच्या गालांवर लाल चट्टे उठले होते.

"शाळेत सगळे मला डांबर म्हणतात!" सिमी रडत ओरडली.

"आपला रंग छानच आहे," एवढंच म्हणून तो नायजेरियातल्या लागोस शहराच्या गर्दीतून स्टुडिओत पोचला. पडद्यावरचे रंग सुधारणं हे त्याचं काम.

मालक अदेगोके वाटच पाहत होता. त्यांच्या नव्या चित्रपटात दोनशे वर्षांनंतरचं लागोस होतं. खाडीवर तरंगणारे मनोरे, भोपळ्याच्या आकाराचं अवकाशयान, त्याच्या भिंतींवर निळीने रंगवलेल्या कापडाची नक्षी. यानाची कप्तान झाली होती ज्येष्ठ अभिनेत्री आँटी अबेनी.

"दुपारी परदेशी खरेदीदार येतायत. कप्तानाचं तोंड उजळ कर. एवढी काळी बाई कोण विकत घेणार?"

ओलुमिदे निमूटपणे कामाला लागला. अशा कितीतरी नायिका त्याने उजळल्या होत्या. इतक्यात दार उघडलं. दारात अबेनी! पडद्याकडे बघत ती जागीच थबकली.

"ही कोण रे?"

"आँटी, जरासा उजेड वाढवलाय..."

"उजेड? माझं तोंड खरवडून काढलंस की!" ती मालकाकडे, सगळ्यांच्या 'ओगा'कडे, वळली. "ओगा, आपली माणसं ताऱ्यांपर्यंत पोचली, आणि तिथंही स्वतःच्या कातडीची लाज? मग यान बांधलंत कशाला?"

"भाषण नको, आँटी! चित्रपट विकला नाही तर इथं कुलूप लागेल."

"आणि हे बघून एखादी पोर म्हणाली, पुढच्या जगात मला जागाच नाही, तर?"

ओलुमिदेचा हात थांबला. सिमीचे गाल डोळ्यांपुढे आले. तिला तो रंग नकोसा कुणी केला? आपणच! एकामागून एक चित्रपटांतून, आपणच!

त्याने केलेले सगळे बदल पुसून टाकले. "ओगा, हे माझ्याच्यानं होणार नाही. दुसरा माणूस बघा."

"डोकं फिरलंय का तुझं? त्यांची गाडी फाटकात आलीय!"

आता काहीच करता येण्यासारखं नव्हतं. खरेदीदारांनी चित्रपट पाहिला, गोड हसले आणि काही न घेताच गेले. अदेगोकेने ओलुमिदेशी बोलणं टाकलं.

पुढे चित्रपट लागोसमध्येच लागला. ओलुमिदे सिमीला घेऊन गेला. त्यांच्या मागच्याच रांगेत अदेगोके हिरमुसून बसला होता. पडदाभर कप्तानाचा काळाभोर, तेजस्वी चेहरा आला. सिमी पुढे सरकली.

"बाबा, तुम्ही हिला खरंच उजळ नाही केलंत?"

"नाही."

"बरं केलंत. किती रुबाबदार दिसते!"

पोरीचं बोलणं ऐकून मागून अदेगोकेचा हात ओलुमिदेच्या खांद्यावर पडला. "चुकलो मी. यापुढे आपल्या स्टुडिओत कुणाचाही रंग बदलायचा नाही!"

मित्रहो, उद्याचं जग रंगवताना त्यातून स्वतःलाच पुसून टाकणारा समाज कितीही उंच उडाला तरी गुलामच राहतो. मुलांना भविष्य दाखवायचं असेल, तर त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसू द्या!